अर्धचंद्र

नारायण पेठेत, नदीकडच्या अंगाला, सबनिसांचा छापखाना.
तिथे माझे वडील खिळे जुळवायचे.
नरसय्या चिलवेरी. सोलापूरच्या संपात नाव कापलं गेलेले,
मराठी उलटी वाचणारे, तेलुगू फक्त संतापल्यावर.

सबनीस कपाळाला हात लावत:
लग्नपत्रिकांच्या छापखान्याला
इतके अर्धचंद्र कशाला लागतात हो?
कॉम्रेड. मॉस्को. पॉलिटब्यूरो. ऑक्टोबर.
बाबा खालमानेनं म्हणत, पक्षाचं काम आहे.
आणि खाना रिकामा झाला की 'कामरेड' जुळवत.
चंद्र काढला की काम उरतं, बिघडलं कुठं.

बाहेरच्या पक्षांचे संदेश येत
कांद्याच्या सालीसारख्या कागदावर.
कॉम्रेड मिठारे पेन्सिलीनं मराठी करून आणत.
इटली, चिली, सुदान, फिनलंड.
मी दहा वर्षांची, कच्ची प्रूफं धरून बसलेली;
देश म्हणजे एक पक्ष, एक सरचिटणीस
आणि शेवटी क्रांतिकारी अभिवादन,
एवढाच माझा भूगोल.

पानशेतच्या वर्षी सगळं गाळात गेलं.
आम्ही पिठाच्या चाळणीनं चिखल चाळला.
गीतेतला 'अ' आणि जाहीरनाम्यातला 'अ'
कुणालाच वेगळा काढता आला नाही.

मग चौसष्ट साली पक्ष फुटला.
मिठारे कणसाकडे राहिले, खंडकर हातोड्याकडे गेले,
आणि दोघेही पत्रकं घेऊन बाबांकडेच आले,
उधारीवर.
सकाळी खंडकर 'फुटीर' झाले,
संध्याकाळी त्याच खिळ्यांनी मिठारे 'दुरुस्तीवादी'.
मधे खिळे मोडून धुवायला जेमतेम तास.
नरसय्या, तुम्ही कुठल्या बाजूचे?
बाबा म्हणाले, अर्धचंद्र बावीस उरलेत.
अकरा तुम्हाला, अकरा त्यांना.
तसाही एकमेकांना तुम्ही तो फुकट देताच आहात.

पुढच्या वर्षी इंडोनेशियाचा संदेश जुळवून तयार होता.
चौदा ओळी. छपाई सोमवारी.
तेवढ्यात बातम्या यायला लागल्या,
आधी शेकड्यांत, मग आकडा सांगणंच बंद झालं.
तो फर्मा मोडा, सबनीस म्हणाले, खिळे अडकलेत.
बाबांनी त्याला सुतळी बांधली,
वरच्या फळीवर ठेवला,
शिशाचे पैसे पगारातून कापून घ्या म्हणाले.
चौदा ओळींत अर्धचंद्र एकच होता,
पहिल्याच शब्दावर.

बाकीच्यांचं मला तुटक तुटक कळत गेलं.
चिलीचा पक्ष एका सप्टेंबरात तळघरात गेला.
सुदानच्या सरचिटणिसाला फाशी.
इटलीच्यांनी मतदान घेऊन स्वतःचंच नाव बदललं,
हात वर करून रडले म्हणे.
चीनचा एवढा मोठा झाला
की त्यात कारखानदारसुद्धा मावले.
नेपाळात फूट आणि विलीनीकरण इतक्या वेळा,
की कंसातला मजकूर वाचताना
अजून माझा चष्मा घसरतो.
जपानचा आहे म्हणतात. केरळात तर आहेच.

परवा मिठारे गेले.
वैकुंठात, विद्युतदाहिनीपाशी, बारा माणसं,
त्यातली चार बँक युनियनमधली पेन्शनर.
खंडकर रिक्षातून उतरले, नव्वदीचे,
नातसुनेच्या खांद्यावर हात.
झेंडा कुणी आणायचा यावर कुजबुज चालली होती,
शेवटी कणसाचा एक निघाला, पिशवीच्या तळातून,
घड्यांवर विरलेला.
खंडकरांनी तो स्वतः पसरला.
कडा सरळ केल्या, एक कोपरा पुन्हा,
आणि मोठ्यानं हाक मारली.

दात नाहीत, ओठ गोल होईनात,
'कामरेड' असं ऐकू आलं.
मी दुरुस्ती केली नाही.